पितळेनं मढवलेला पाट

चाचा, तुम्ही गेलात आणि मला रडायला सवडच मिळाली नाही. रडू यायच्या आधी भीती आली, आणि ती अजून उतरलेली नाही.

तुमचा जनाजा नेला तेव्हा मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी होते. बायका आत जात नाहीत. अर्धं मांडवगण आत होतं. टोप्या घातलेले, गंध लावलेले, टोपी नाही म्हणून डोक्याला रुमाल बांधलेले. बाहेर पडताना जो तो माझ्यापाशी थांबायचा आणि म्हणायचा, "संगे, आता मोटरींचं तुलाच बघावं लागंल." मी मान हलवत होते. जळालेली मोटर नव्या तारेनं भरणं मला येतं, स्टार्टर दुरुस्त करणं येतं, तुमच्याच हाताखाली शिकले. पण नदीकाठच्या त्या सगळ्या मोटरघरांत माणसं रोज ओल्यात उभी राहून बटन दाबतात आणि संध्याकाळी जिवंत घरी येतात, ते तुम्ही कसं करत होतात, हे मला कुठं नीट माहीत होतं?

मी भित्री आहे हे तुम्ही पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतंत. "आमची संगी टीव्हीचा प्लग काढताना पण बिस्मिल्ला म्हणती," असं म्हणून हसायचात. मी म्हणायचे, म्हणते आणि म्हणणार. भीती आहे म्हणून माणूस शाबूत आहे. त्यावर तुमचं ठरलेलं, "पोरी, भीतीवर काम करू नये. भीती थकती. हाताला वळण लागलं पाहिजे, मग भ्यायचं कामच न्हाई." हे भांडण आपण रिवायंडिंगच्या टपरीत चहा पिताना किती वर्षं घातलं. निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात.

भीती थकते हे मात्र तुमचं खरं होतं. पलीकडच्या वाडीत डीपीवर फ्यूज टाकताना एक पोरगा चिकटून गेला, आठवतं? तेव्हा शिरूरच्या दुकानात रबरी हातमोजे मिळेनात. घरटी जोडी घेतली लोकांनी. मी खूश. तुम्ही म्हणालात, "दहाव्यापर्यंत समदेच शहाणे असत्यात." मला राग आला होता. मेलेल्या पोराच्या दारात बसून असं बोलतात का? पण त्याचं दहावं झालं, तेरावं झालं, आणि मग मला ते हातमोजे एकेक करून दिसायला लागले. कुणी ते घालून बाभळीच्या काटेरी फांद्या ओढत होतं, कुणी शेणात हात घालत होतं, आणि गव्हाण्यांच्या रानात तर बुजगावण्यालाच चढवले होते. पाखरं शॉक बसून मरू नयेत म्हणून असेल, तुम्ही म्हणालात. मी हसले, आणि मग घरी जाऊन जेवले नाही.

तुमच्याकडं यायच्या आधी मी पाबळला वीजकामाचा कोर्स केला. तिथं मला एक गोष्ट पक्की मिळाली, की कुठलीही गोष्ट का करायची ते आधी समजून घ्यायचं. करंट कुठून येतो, कुठं जातो, अंगातून का जातो. ते कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, आणि मला वाटायचं तसाच उजेड सगळ्यांच्या डोक्यात पाडला की झालं. तुम्ही म्हणायचात, उजेड पडतो पोरी, पण तो पण रानातल्या लाईटीसारखाच, आठ तास. एकदा एका मोटरींच्या कंपनीनं आपल्याला सेफ्टीच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवली, साहेबानं सगळ्यांना हात वर करून शपथ दिली, टाळ्या झाल्या, समोसे झाले. परत येताना टमटममध्ये मी म्हणाले, किती छान झालं. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "नंदीबैलबी मान हलवतोय. आन् शपथ घेतली का माणसाला वाटतं, काम झालं."

नदीकाठच्या हौसाकाकीच्या पाटाचं पण असंच. ते आधीपासून सांगते, कारण माझी आताची भीती तिथून सुरू होते.

काकीनं नवीन मोटर बसवली तो दिवस. आपण दोघं घामाघूम. पाईपात पाणी यायच्या आधी पूजा. स्टार्टरच्या पेटीला हळदीकुंकू, आत देवीचा फोटो, नारळ. आणि काकीनं चपला काढल्या दाराबाहेर. लक्ष्मीपुढं चपला घालून कोण उभं राहील? मोटरघरात ओल, पेटी लोखंडी, अर्थिंगची तार कुणीतरी भंगारात घातलेली, आणि ही बाई अनवाणी, नारळाच्या पाण्यानं भिजलेलं बोट हिरव्या बटनाकडं नेतेय. मी किंचाळले, "काकी, आधी चप्पल घाला!" झालं. "लक्ष्मीपुढं चप्पल? तुझ्या आयनं हेच शिकवलं का गं तुला? चार बुकं शिकली म्हंजी देव बाटवणार व्हय?" मी अर्थिंग समजावायला लागले. ती आणखी पेटली. तुम्ही मुसलमान, त्यांच्या देवीपुढं चपला घाला असं तुम्ही कोणत्या तोंडानं सांगणार? त्या दिवशी तुम्हीच आपल्या हातानं मोटर चालू करून दिलीत आणि निघालात.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून पाट करून आणलात. जाड, सुक्या बाभळीचा, खाली जुन्या टायरचे तुकडे ठोकलेले. पेटीपुढं ठेवलात आणि म्हणालात, "काकी, देवीपुढं भुईवर काय उभं राहायचं? पाटावर राहावं माणसानं." काकीचा चेहरा असा फुलला! माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ. ह्यो मुसलमान असून ह्याला कळतंय, आन् तुला न्हाई." मी तोंड पाडून बसले, आणि तुम्ही मिशीत हसत होतात.

मग काय, हौसाच्या मोटरीला पाट आहे आणि आमच्या का नाही, म्हणून नदीकाठानं पाटांची साथच आली. लोकांनी मागून नेले. चपला दाराबाहेर आणि माणूस पाटावर. मी तुम्हाला म्हणत राहिले, चाचा, ही फसवणूक आहे, त्यांना खरं कारण सांगा. तुम्ही म्हणत राहिलात, "कारण माणूस इसरतो. पाट तिथंच राहतो." मी म्हणाले, कारण माहीत नसेल तर एक दिवस त्या पाटाचं काहीतरी भलतंच करतील. तुम्ही म्हणालात, "काय करतील? लाकूड हाय, खातील?"

चाचा, खाल्लं नाही हो. पितळेनं मढवलं.

तुम्हाला जाऊन थोडेच दिवस झाले होते. हौसाकाकीचा निरोप आला, स्टार्टर गुंईऽऽ आवाज करतोय, बघून जा. गेले. लाईट अजून आलेली नव्हती. मोटरघर झाडून, सडा घालून ठेवलेलं. पेटीपुढं तुमच्या पाटाच्या जागी नवाकोरा पाट, वरनं खालपर्यंत पितळी पत्रा मारलेला, पायांनापण पत्रा, कडेला फुलांची नक्षी. पितळ म्हणजे करंटला सरळ भुईत जायची वाट. काकी पदर सावरत म्हणाली, "सुनील्यानं आणला, दौंडहून. म्हणला, हमीदचाचा गेले, त्यांची आठवण चांगली पायजे." सुनील म्हणजे तिचा मुलगा, पाटसच्या साखर कारखान्यावर जाणारा. सीझन संपला म्हणून घरी होता. बोनसमधून केलं म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते. तुमच्यावर जीव होता हो त्याचा. सायकलचं पंक्चर काढायलासुद्धा तुमच्याकडं यायचा लहानपणी.

आणि तेवढ्यात लाईट आली. पेटीवरचे तिन्ही दिवे लागले. काकीनं सवयीनं चपला काढल्या, हात जोडले, आणि त्या चकचकीत पाटाकडं पाऊल उचललं. खाली सड्याचं पाणी.

"थांबाऽऽ!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरची शेळी दावं तोडून पळाली. काकी एका पायावर थांबली. मी टेस्टर काढला, पेटीच्या दाराला लावला. टेस्टर पेटला. पेटीच्या अंगात करंट होता. उंदरानं आत वायर कुरतडली होती, त्याचाच तो आवाज.

मी खाली बसले.

खरं तर मी तेव्हा जिंकले होते, नाही का? मी म्हणत होते तेच झालं. कारण माहीत नव्हतं, म्हणून पाट राहिला आणि त्यातला जीव गेला. तुमच्याशी घातलेलं एवढं मोठं भांडण जिंकले, आणि मला सांगायला कुणी नव्हतं. पण थांबा. ते तसं जिंकणंही नव्हतं, कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात मी तुमच्या घरी जुबेदाचाचीकडं गेले होते.

चाची भिंतीला टेकून बसली होती. तिनं उशाखालून तुमच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. भरलेली. "मला वाटत राहिलं, घेतायत," म्हणाली. "मी पण नाही विचारलं बेटा." गोळी कधी सुटली असेल ते माझ्या लक्षात आलं.

तुमच्या गोळीवरनं आपण काय कमी भांडलो? डॉक्टरनं सांगितलं, रोज घ्या, नाहीतर डोक्यातली नस जाईल. तुम्हाला सगळं समजत होतं. तुम्ही मला वर समजावून सांगितलं होतंत, नस म्हणजे वायर, प्रेशर म्हणजे व्होल्टेज, जास्त झालं की उडते. एवढं कळूनही रोज "व्हय, उद्यापासनं." शेवटी मी तुमचाच डाव तुमच्यावर टाकला. फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर तुम्हाला चहा लागतोच लागतो. चाचीला सांगितलं, बशीत गोळी ठेवत जा, गोळी घेतल्याशिवाय कप द्यायचा नाही. तुम्ही ओळखलंत, म्हणालात, "आता माझाबी पाट केला का गं?" आणि घ्यायला लागलात. कितीतरी महिने. डॉक्टर खूश, मी खूश, माझ्यासारखी शहाणी मीच.

मग रमजान आला. सहेरीचं खाणं उजाडायच्या आत उरकायचं, मग दिवसभर रोजा, म्हणजे फजरनंतरचा चहा नाही. चहा सुटला, चहाबरोबर गोळी सुटली. ईद झाली, शिरखुर्मा झाला, माझ्याकडं डबा घेऊन तुम्ही स्वतः आलात. चहा परत सुरू झाला. गोळी बशीत परत आली नाही.

तर सांगा मला आता. हौसाकाकीला कारण माहीत नव्हतं, सवय होती, आणि ती मरता मरता वाचली. तुम्हाला कारणही माहीत होतं, सवयही होती, आणि तुम्ही दौंडला नेता नेता गाडीतच गेलात. मग धरायचं काय माणसानं? तुम्ही माझ्या हाताला वळण लावलंत, मोटर उघडायच्या आधी फ्यूज काढायचे, काढलेले आपल्यापाशी ठेवायचे, टेस्टर लावल्याशिवाय बोट लावायचं नाही. ते वळण कुठल्या खुंटीला टांगलंय? तुमच्याच ना? तुम्ही शेजारी असायचात म्हणून मी करायचे का? ती खुंटी आता मातीत आहे. रोज सकाळी हत्यारांची पिशवी उचलताना मला माझ्याच हातांची भीती वाटते. ते कुठल्या दिवशी विसरतील, मला कसं कळणार?

तुमच्यावर राग आहे माझा, चाचा. खूप आहे. गावाला जगवलंत आणि स्वतःची एक गोळी घेता आली नाही. असं कुणी करतं का?

त्या दिवशी मोटरघरात मी आधी फ्यूज काढले, मग वायर बदलली, अर्थिंग नव्यानं घातलं. आणि मग काकीला बसवून सगळं सांगितलं. करंट, ओल, अनवाणी पाय, बाभळीचं लाकूड, टायर. पितळ का चालत नाही. सुनीलचा चेहरा पडला. तो उठून बाहेर गेला. काकी म्हणाली, "म्हंजी देवीचा काय संबंध नव्हता?"

"नव्हता."

"हमीदनं मला फशिवलं?"

मी म्हणाले, "काकी, तेव्हाच खरं सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का तुम्ही?"

काकीनं विचार केला. खोटं बोलायची सवय नाही तिला. "न्हाई," म्हणाली. मग डोळ्याला पदर लावला. "पर आता ऐकते. आन् तुला सांगू का, म्या आता ऐकलं तरी इसरणार. माझं वय बघ. सून घाईची हाय, ती तर ऐकणारबी न्हाई. हमीद काय करायचा म्हाईत हाय का तुला? रोज दौंडला जाताना रस्त्यावनं वरडायचा, 'काकीऽ, पाटावर का?' मी हितनं म्हणायची, 'पाटावर!' मग जायचा. आता कोण इचारायचं?"

मी कितीदा तुमच्या मागं गाडीवर बसून ती हाक ऐकली होती. मला वाटायचं, म्हाताऱ्याला बडबड केल्याशिवाय करमत नाही. प्रत्येक वळणावर कुणाला तरी काहीतरी ओरडायचात. "तात्या, पेटी झाकली का?" "वैनी, पोरांना हिकडं येऊ देऊ नका बरं का!" मला उशीर व्हायचा, मी मागून चिडायचे. पाट ही अर्धीच गोष्ट होती तर. आणि तुमच्या गोळीचं असं विचारणारं कुणी नव्हतं. चाचीला वाटलं घेतायत, मला वाटलं घेतायत.

पितळेचा पाट काकीनं देवघरात नेऊन ठेवला, तुमच्या नावानं. सुनील माझ्याशी नीट बोलेना, पण सुताराकडून बाभळीचा नवीन पाट तोच घेऊन आला, टायर पण त्यानंच ठोकला. मी उलटा करून बघितला. तो म्हणाला, "बघ बघ. विश्वास न्हाई ना?" नाही, म्हणाले. खरंच नाही.

रानातल्या लाईटीची रात्रीची पाळी संपून सोमवारी दिवसाची सुरू झाली. सकाळी दौंडला वायर आणायला निघाले होते. काकीच्या रानापाशी स्कूटी थांबवली. ऊस डोक्याच्या वर गेलाय, रस्त्यावरून मोटरघर दिसत नाही. मला लाज वाटत होती. मागून दूधवाला येत होता, तो काय म्हणेल? तरी ओरडले.

"काकीऽऽ, पाटावर का?"

उत्तर नाही.

उसाची पानं तेवढी वाजत होती. परत ओरडले. काही नाही. आणि मग मोटर चालू झाल्याचा आवाज आला. पाईपात धडधड पाणी चढलं. मोटर चालू झाली म्हणजे बटन दाबलं गेलं, पण माणसाचा आवाज नाही. दूधवाला काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी स्कूटी तशीच टाकली आणि बांधावरून पळत सुटले. पानांनी तोंड ओरबाडलं. पळताना मी तुमच्या अल्लाला आणि आमच्या सगळ्या देवांना एकाच दमात हाका मारत होते, कुणालाही सोडलं नाही.

काकी पाटावर उभी होती. दोन्ही पाय पाटावर. एक बोट तोंडात, गाल फुगलेले, मिश्री लावत होती. माझ्याकडं बघून तिनं डोळे वटारले, मग बाजूला थुंकली.

"तोंडात मिश्री असताना इचारतीस व्हय गं? थांबायचं की वाईच!"

मी तिच्या गळ्यात पडून रडले, चाचा. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. काकीला वाटलं तुमच्यासाठी रडतेय, ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. तुमच्यासाठीच होतं, पण तेवढंच नव्हतं. हाक मारल्यापासून ओ येईपर्यंतचा तो वेळ मला सहन झाला नाही. आणि तुम्ही तो रोज काढलात, नदीकाठच्या प्रत्येक मोटरीपाशी, मला मागं बसवून. आता आठवतंय, त्या वेळी तुमचे खांदे कसे वर चढलेले असायचे, आणि आतून ओ आली की खाली यायचे. मी तुमच्या मागंच बसलेली असायचे. तुम्हीपण भीत होतात ना, चाचा?